ठोकळ्यांचा हात

एकमेकांवर घट्ट बसलेले खेळण्यातले दोन चपटे प्लास्टिकचे ठोकळे सुटे करता येईनात, तेव्हा श्रीमंतला पहिल्यांदा शंका आली. नखानं करायचं साधं काम, आजवर हजारदा केलेलं. त्या दिवशी नख फटीत गेलं, पण मागून जोरच येईना. त्यानं दात लावला, ठोकळे सुटले आणि तो पुढच्या कामाला लागला. दिवसभर जीप चालवून हात आंबले असतील, असं त्यानं मनाला सांगितलं.

श्रीमंत किल्लारीचा. भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावात, एकसारख्या घरांच्या रांगेत त्याचं घर. अंगानं उंच, बोलायला कमी. किल्लारी ते लातूर तो काळी-पिवळी जीप चालवायचा. थोडंफार शेत होतं, ते थोरला भाऊ बघायचा. बायको सिंधू गावातल्याच अंगणवाडीत मदतनीस होती. एकुलती एक मुलगी पुनम लातूरला नर्सिंग शिकत होती.

पुनम लहान असताना त्यानं लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतून तिला प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा डबा आणला होता. डब्यात एक छोटी मोटर होती. पुनमनं दोन दिवस घरं बांधली आणि डबा कोपऱ्यात सारला. श्रीमंतनं मात्र एका दुपारी त्या मोटरीला चार चाकं जोडली. गाडी ओसरीवरून निघाली, खांबाला धडकली, वळली आणि थेट मोरीत पडली. त्यानं ती बाहेर काढली, पुसली, आणि तेव्हापासून तो त्या नादाला लागला तो लागलाच.

पुढं त्यानं कुठून कुठून सुटे भाग जमवले. काही मोबाइलवरून मागवले, काही लातूरच्या भंगारवाल्याकडून मोडक्या खेळण्यांच्या ढिगातून वेचले. त्यानं ट्रॉलीचा ट्रॅक्टर केला. ऊस तोडायचं यंत्र केलं, ते ज्वारीची वाळकी धाटं खरंच तोडायचं. एक जीप केली, तिचा गिअर बदलला की वेग बदलायचा. एक चार पायांचा रोबोही केला, तो लंगड्या शेळीसारखा अंगणभर हिंडायचा आणि कोंबड्या ओरडत पळायच्या. जीपच्या स्टँडवर लोक हसायचे. पोरगी मोठी झाली, तू कधी मोठा होणार, असं विचारायचे. श्रीमंतही हसायचा. एकदा तो सिंधूला म्हणाला होता की जीप दुसऱ्यानं बनवलेली असते, आपण नुसती हाकतो. ठोकळ्यांच्या गाडीत कंपनी पण मीच आणि मिस्त्री पण मीच. सिंधूला त्यातलं काही कळलं नव्हतं. दारूपेक्षा बरं, एवढंच ती शेजारणींना सांगायची.

ठोकळे निघेनात, त्यानंतर जीपची किल्ली फिरेना. मग शर्टाचं बटण लागेना. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी खड्डा पडला. बसल्या बसल्या दंडावरचं मांस आपोआप फडफडायचं, कातडीखाली किडा चालावा तसं. लातूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि हैदराबादला जायला सांगितलं. तिथले डॉक्टर हिंदीत बोलले, हळू आणि समजावून. मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नेणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. औषधानं थोडा वेळ मिळेल, पण गेलेली ताकद परत यायची नाही.

परतीच्या बसमध्ये सिंधूनं विचारलं, डॉक्टर शेवटी काय म्हणाले.

"हात जाणार," श्रीमंत म्हणाला.

"मग?"

"मग बाकीचं."

सिंधू खिडकीकडं तोंड करून बसली. जहिराबाद गेलं, हुमनाबाद गेलं, तरी तिनं तोंड वळवलं नाही.

जीप भुजंगनं घेतली. भुजंग त्याच रस्त्यावर जीप चालवणारा, श्रीमंतचा जुना सोबती. जीप दारातून गेली तेव्हा श्रीमंत घरातून बाहेर आला नाही. डावा हात अजून थोडा चालत होता, म्हणून तो दिवसभर ठोकळे घेऊन बसायचा. पण ठोकळे जोडायच्या बारीक पिना हातातून गळायच्या. खाली पडलेली पिन उचलायला त्याला इतका वेळ लागायचा, की ती कशासाठी हवी होती तेच तो विसरून जायचा. पावसाळा सरता सरता डावा हातही लुळा पडला आणि घास सिंधूच्या हातानं खायची वेळ आली.

सिंधू भरवायची ते मायेनंच. पण सकाळी अंगणवाडी गाठायची घाई असायची. पहिला घास गिळायच्या आत दुसरा तोंडाशी यायचा. भाकरीचा तुकडा मोठा झाला किंवा लोणचं हवंसं वाटलं, तर सांगावं लागायचं, आणि सांगितलं की ती उठायची, तिचं काम तुटायचं. म्हणून तो सांगेनासा झाला. समोर येईल ते गिळायचं. ती त्याला भरवून, भांडी घासून, स्वतः उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायची आणि निघायची. दुपारी आली की पुन्हा तेच.

एके दिवशी तिची औशाला बैठक होती. दुपारचं जेवण ती स्टुलावर झाकून गेली होती, घास भरवायला शेजारच्या शिवकांताबाईंना सांगून. पण शिवकांताबाईंच्या रानात अचानक माणसं कामाला आली आणि त्यांना जावं लागलं. दुपार कलली. श्रीमंतला भूक सहन होईना. त्यानं कोपरानं झाकण सारलं आणि ताटावर वाकून तोंडानं वरणभात खायला सुरुवात केली. दोन घास खाल्ले असतील, तोच स्टूल कलंडलं. ताट गेलं, मागोमाग तोही खाली आला.

सिंधू परतली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. गालावर, नाकावर वरण वाळलं होतं. ते पुसायला हात उचलत नव्हते. समोर कोंबड्या भात टिपत होत्या. तिनं पदर ओला करून त्याचं तोंड पुसायला घेतलं, तसं त्यानं तोंड फिरवलं.

"आजपासनं मला तुझ्या हातानं खायचं न्हाई."

उशीर झाला म्हणून तो चिडलाय, असं तिला वाटलं. ती बैठकीचं सांगू लागली. तो नुसता मान हलवत राहिला. ते उशिराचं नव्हतं, हे त्याला सांगता आलं नाही आणि तिला उमगलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं एकच ध्यास घेतला. ठोकळ्यांचा एक हात करायचा. तो ताटातून चमच्यानं घास उचलेल आणि तोंडापर्यंत आणेल. पाय अजून चालत होते. पायाशी रिमोट ठेवायचा, एक बटण वर न्यायला, एक खाली आणायला. डोक्यात सगळं तयार होतं. पण जोडणार कशानं? तो दातांनी पिना बसवू लागला. ओठ फाटले. गुडघ्यांत ठोकळा धरून दुसरा हनुवटीनं दाबायचा, तो निसटायचा. आठवडाभरात बोटभर फळीसुद्धा उभी राहिली नाही.

शेवटी त्यानं सिंधूला सांगितलं, मी सांगतो तसं तू जोड. सिंधू भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"माझ्या हातचं जड झालं का तुमाला?" ती म्हणाली. "म्या काय कमी केलं, ते तरी सांगा."

तो म्हणाला, तसं नाही. मग कसं, असं तिनं विचारलं. तो पुन्हा ठोकळ्यांकडंच बघू लागला. तिनं साफ नकार दिला. हे यंत्र बनवून देणं म्हणजे आपल्याच हातानं आपल्याला घरातून बाहेर काढणं, असं तिला वाटत होतं. पुनमनं फोनवरून समजावलं तरी ती ऐकेना.

पुढचे दोन दिवस श्रीमंतनं तोंड उघडलं नाही. घासालाही नाही. तिसऱ्या दिवशी ती भरवायला बसली, तेव्हा त्यानं सारं अंग एका अंगाला झोकून दिलं आणि बाजेवरचा ठोकळ्यांचा डबा खांद्यानं ढकलून दिला. डबा ओसरीच्या पायरीवर आपटला. लाल, पिवळे, काळे ठोकळे अंगणभर उधळले. गिअर मातीत गेले, पिना कोंबड्यांच्या पायांखाली गेल्या. श्रीमंत हुंदके देत होता, आणि डोळे पुसायलाही त्याला हात नव्हते.

सिंधू अंगणात उतरली. उन्हात बसून तिनं एकेक ठोकळा वेचला, पदरानं पुसला आणि डब्यात टाकला. भुजंग रस्त्यानं जाता जाता थांबला आणि मदतीला आला, त्याला तिनं परत पाठवलं. सगळं वेचून झाल्यावर ती डबा घेऊन बाजेशी आली आणि खाली बसली.

"सांगा," ती म्हणाली. "काय कशाला लावायचं?"

त्या दिवसापासून रोज दुपारी अंगणवाडीतून आली की ती त्याच्यासमोर बसायची. तिला कशाचीच नावं माहीत नव्हती. गिअरला ती दातेरी म्हणायची, लांब भोकांच्या पट्टीला फळी. श्रीमंतचा धीर सुटायचा. अगं ती नव्हं, त्याच्या शेजारची, असं तो दहादा सांगायचा, आणि बोट दाखवता येत नाही म्हणून अजूनच चिडायचा. एकदा तर त्यानं तिला अडाणी म्हटलं. ती उठून गेली, म्हशीला पाणी दाखवून आली आणि पुन्हा बसली.

पहिला हात तयार झाला तेव्हा मोटर इतकी जोरात फिरली की चमच्यातलं वरण भिंतीवर जाऊन पडलं. दोघं भिंतीकडं बघत राहिले. मग सिंधूला हसू फुटलं आणि कितीतरी महिन्यांनी श्रीमंतही हसला. त्यानं वेग कमी करायला स्क्रूसारखा गिअर लावायला सांगितला, म्हणजे मोटर थांबली की हात आहे तिथंच थांबेल, खाली गळणार नाही. मग दुसरी अडचण आली. हात वर जाताना चमचा तिरका व्हायचा आणि सांडायचा. श्रीमंतनं तिला झोपाळ्याचं उदाहरण दिलं. झोपाळ्याच्या कड्या दोन्हीकडून सारख्या असतात, म्हणून झोका कितीही वर गेला तरी फळी वाकडी होत नाही. तशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या, तेव्हा चमचा सरळ राहिला. बुडाला वजन हवं म्हणून सिंधूनं पाट्याचा वरवंटा बांधला.

ज्या दिवशी पहिला घास तोंडात गेला, त्या दिवशी खिचडी होती. श्रीमंतनं टाचेनं बटण दाबलं. मोटर गुणगुणली. हात ताटात उतरला, चमच्यात खिचडी आली, आणि हळूहळू, थरथरत, तो त्याच्या ओठांशी येऊन थांबला. त्यानं घास घेतला. सिंधू पुढं वाकून बघत होती.

"कसं लागलं?"

त्यानं सावकाश चावलं, गिळलं.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

सिंधूला काय वाटलं ते तिनं पुढं पुनमला सांगितलं. इतके महिने आपण या माणसाला भरवत होतो आणि तो एका शब्दानं कधी आंबट म्हणाला नाही की खारट म्हणाला नाही. आपण त्याला भरवत होतो, पण तो जेवत नव्हता. ती उठली, मिठाचा डबा आणला. मग स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. दोघं एकाच वेळी गरम जेवले.

ते दिवस चांगले गेले. गावातली माणसं बघायला यायची. स्टँडवर हसणारे आता मोबाइलवर व्हिडिओ काढायचे. श्रीमंत त्यांना पायानं बटणं दाबून दाखवायचा, कोणता गिअर कशासाठी ते सांगायचा, आणि सांगताना हे सगळं सिंधूनं जोडलंय म्हणायचा.

थंडी संपत आली तसा जेवताना ठसका लागू लागला. आधी पाण्यानं, मग वरणानं. श्रीमंतनं दोष चमच्याला दिला. चमचा फार आत येतो म्हणाला. सिंधूनं पट्टी एक भोक मागं घेतली. ठसका थांबेना. मग तो म्हणाला, कोन चुकला आहे. तिनं कोन बदलला. मग चमचा मोठा आहे; तिनं पुनमच्या लहानपणीचा चांदीचा चमचा बांधला. मग वेग जास्त आहे, मग बूड हलतं. रोज दुपारी ती हात उकलायची आणि रोज नव्यानं जोडायची. तो बारीकसारीक सगळं सांगायचा. आता शब्दही जड येत होते, एकेक वाक्य ती दोनदा विचारून घ्यायची. जेवणाचे घास चार-पाचवर आले. गालफडं बसली. तरी तो गिअरच बदलायला सांगत होता, आणि तीही न बोलता बदलत होती. दोघांना सगळं कळत होतं, पण ते तोंडातून काढायची हिंमत कुणाला होत नव्हती.

एका दुपारी त्याला असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला. सिंधूनं पाठीवर थापा मारल्या, तोंडात बोटं घालून घास काढला. बऱ्याच वेळानं श्वास लागला. डोळ्यांतलं पाणी गळायचं थांबलं तसा तो पुन्हा सांगू लागला, वरची पट्टी काढ.

सिंधूनं हातातला ठोकळा खाली ठेवला.

"यंत्रात काय बी चूक न्हाई," ती म्हणाली.

श्रीमंतची नजर पट्टीवरून तिच्याकडं वळली. अंगणात म्हैस दाव्याला हिसके देत होती.

"ठाव हाय," तो म्हणाला.

लातूरच्या दवाखान्यात पोटात नळी बसवली. आता सिंधू पातळ पेज नळीतून सोडायची. ठोकळ्यांचा हात कोनाड्यात उभा होता. दवाखान्यातून आल्यावर काही दिवसांनी श्रीमंतनं कोनाड्याकडं बघत तिला खुणावलं. बोलणं जवळजवळ गेलं होतं. बऱ्याच प्रयत्नांनी तिला कळलं, की तो हात उकलायला सांगतोय. चालणारी मोटर एकच होती आणि त्याला दुसरं काहीतरी करायचं होतं. सिंधू दवाखान्यात रडली नव्हती, ती तो हात उकलताना रडली. एकेक पट्टी काढताना त्या पट्टीसाठी झालेलं भांडण तिला आठवत होतं.

त्यातून एक छोटी गाडी झाली. पुढं एक आडवी पट्टी. आता पायही उचलत नव्हते, म्हणून रिमोट हनुवटीखाली उशीला बांधलेला. हनुवटीनं बटण दाबलं की गाडी बाजेपासून निघायची, खोली ओलांडून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या पितळी पातेल्यावर आपटायची. आवाज गेला होता, तर हाक मारायला ही गाडी. सिंधू यायची, त्याचं काय ते बघायची, गाडी उचलून परत बाजेशी ठेवायची.

आधी तो कामापुरतं बोलवायचा. कूस बदलायची, माशी हाकलायची. पुढं पुढं ती यायची, काय हवं विचारायची, आणि त्याला काहीच नको असायचं. तो नुसता बघायचा. एकदा भाकऱ्यांच्या गडबडीत ती तिसऱ्यांदा आली आणि वैतागून बोलून गेली, उगीच बोलवू नका, भाकरी करपली. त्यानंतर दिवस मावळेपर्यंत पातेलं वाजलं नाही. तिला घरात काम सुचेना. दिवेलागणीला ती बाजेशी आली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "बोलवा की. उगं बोलवा. करपू द्या भाकरी." बऱ्याच वेळानं गाडी निघाली.

चैत्रात, पाडव्यानंतर थोड्या दिवसांनी तो गेला. दुपार होती. सिंधू अंगणवाडीत होती, शिवकांताबाई त्याच्याजवळ बसल्या होत्या. नळाला पाणी आलं म्हणून त्या घागर लावायला बाहेर गेल्या. तेवढ्यातच सिंधू परतली. अंगणात पाय टाकताच तिला मोटरीची घरघर ऐकू आली. दारातून तिला दिसलं, की गाडी पातेल्याला भिडली आहे आणि चाकं जागच्या जागी फिरत आहेत. ती आले आले म्हणत आत धावली. श्रीमंतची मान पुढं कलली होती, हनुवटी बटणावर होती, आणि गाडी थांबायचं नाव घेत नव्हती.

पुनम रात्रीच्या आत लातूरहून पोचली. ती आता अशा गोष्टी शिकलेली होती. तिनं आईला समजावलं, की बाबांचा श्वास आधी थांबला असणार, मग मान पडली आणि बटण आपोआप दाबलं गेलं; त्यांनी बोलावलं असं काही मनात आणू नकोस. सिंधूनं ऐकून घेतलं. असंल, म्हणाली.

दिवस झाले, पाहुणे गेले. जमलेल्यांपैकी कुणी सुचवलं की ठोकळे अंगणवाडीतल्या लेकरांना द्यावेत, आशीर्वाद मिळेल. सिंधूनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भुजंगनं गाडीतले सेल संपलेत का बघू का, असं विचारलं. तिनं त्याला गाडीला हात लावू दिला नाही. सोमवारपासून ती कामावर जाऊ लागली. दुपारी परतताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी ती क्षणभर थांबते, घराकडं कान देते, आणि मग चालू लागते.